नेम विखुरणारी स्प्रिंग एअर रायफल : स्प्रिंग बदलण्याआधी

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे : नळी बिजागरीवर मोडून (खाली वाकवून) कॉक करण्याची, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवण्याची, ४.५ मिमीची स्प्रिंग एअर रायफल काही वर्षे समाधानकारक चालली. आता मात्र २० मीटरवर पूर्वी नाण्याएवढ्या जागेत बसणारे छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरतात, घोडा दाबल्यावर आतून तार छेडल्यासारखा आवाज काही क्षण घुमत राहतो, आणि मधूनच एखाद्या शॉटला मोठा बार होऊन धूर व जळक्या तेलाचा वास येतो. तुमच्या मित्राने जास्त ताकदीची स्प्रिंग बसवून आत सढळ हाताने तेल सोडण्याचा सल्ला दिला आहे, आणि कोणती स्प्रिंग व कोणते तेल घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

या दोन्ही खरेद्या तूर्त थांबवाव्यात, असे मी सुचवतो. तुम्ही सांगितलेल्या तीन लक्षणांपैकी एकही लक्षण रायफलची ताकद कमी झाल्याचे सांगत नाही. ती तीन लक्षणे बहुधा तीन निरनिराळ्या जागांहून येत आहेत, आणि त्यांपैकी ज्याचा तुम्हाला सर्वांत जास्त त्रास होतो आहे त्या विखुरण्याचे कारण मला तरी कॉम्प्रेशन सिलिंडरच्या (पिस्टन ज्यात हवा दाबतो त्या नळकांड्याच्या) आत कमी आणि बाहेर जास्त वेळा सापडले आहे. तुमची अडचण ताकदीची नसून सातत्याची आहे. प्रत्येक शॉट आधीच्या शॉटसारखाच व्हावा, यापलीकडे स्प्रिंग रायफलच्या ट्यूनिंगला फारसा अर्थ नाही.

पुढे जे लिहितो आहे त्यातील काही भाग तुमच्या रायफलच्या रचनेवर अवलंबून आहे. पिस्टनचे सील चामड्याचे आहे की कृत्रिम पदार्थाचे, आणि ट्रिगरचा संच अखंड बाहेर येणारा आहे की त्याचे भाग पिनांवर सुटे बसवलेले आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. घुमणाऱ्या आवाजावरून आत गॅसचा बंद स्ट्रट (स्प्रिंगचे काम करणारी दाबलेल्या गॅसची नळी) नसून तारेची स्प्रिंगच आहे, असे मी धरतो. सीलचा प्रकार रायफलच्या माहितीपुस्तिकेत किंवा सुट्या भागांच्या आकृतीत सापडेल. तो कळेपर्यंत आत एकही थेंब सोडू नये.

घोडा दाबल्यावर काय घडते ते आधी पाहू, कारण पुढचा सगळा तर्क त्यावरच उभा आहे. अडकवून ठेवलेली स्प्रिंग सुटते आणि जड पिस्टनला पुढे ढकलते. त्याच वेळी रायफल मागे सरकते. पिस्टनपुढची हवा दबत जाते, तिचे तापमान काहीशे अंशांपर्यंत चढते, आणि पिस्टनची धाव संपत आलेली असताना ही हवा ट्रान्सफर पोर्टच्या बारीक भोकातून छर्ऱ्यामागे पोहोचून त्याला जागचा हलवते. दबलेल्या हवेने पिस्टन थोपवला जातो, तेव्हा रायफलला उलट, म्हणजे पुढच्या दिशेने झटका बसतो. हे सारे सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात उरकते. परंतु छर्रा नळीत असतानाच रायफल हलू लागलेली असल्यामुळे, तो बाहेर पडताना नळीचे तोंड नेमके कोठे असेल हे रायफलच्या प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक स्क्रूवर आणि तुमच्या पकडीवर ठरते. हवा आधीच भरून ठेवलेल्या पीसीपी रायफलमध्ये हा दुहेरी धक्का जवळजवळ नसतो; म्हणून तिच्यावर नेमबाजी शिकलेल्या माणसाला स्प्रिंग रायफल लहरी वाटते. ती लहरी नसते, फक्त प्रत्येक ढिलाईचा हिशेब ती लक्ष्यावर मांडून दाखवते.

आता विखुरण्याकडे येऊ. कोणाकडून क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारे यंत्र) मिळत असेल तर रायफल उघडण्याआधी दहा शॉटचा वेग मोजून घ्यावा, कारण त्या एका मोजणीने अर्धा वाद मिटतो. समजा, सरासरी वेग सेकंदाला २४० मीटर आहे आणि एखादा शॉट २३० मीटरचा गेला. २० मीटर अंतरावर या दोन शॉटच्या उंचीत गुरुत्वाकर्षणामुळे पडणारा फरक जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरचा असतो, आणि तोही फक्त वर-खाली. डावी-उजवीकडचे विखुरणे वेगातील चढउताराने थेट होत नाही. कमी वेगाचा छर्रा नळीतून किंचित उशिरा बाहेर पडतो आणि तेवढ्यात नळी आणखी हलते, हे खरे आहे. तरीही तळहाताएवढा फैलाव त्याच्या माथी मारता येत नाही. म्हणून दहा शॉटमधील सर्वांत जास्त व सर्वांत कमी वेगातील फरक ६ मीटरच्या आत असेल, तर रायफलचे आतले यंत्र ठीक आहे असे समजून सगळे लक्ष बाहेरच्या भागांकडे द्यावे. हा फरक १५ मीटरच्या वर असेल तर आत काहीतरी बिघडलेले आहे, पण तरीही बाहेरची तपासणी आधी करावी.

बाहेरच्या भागांत पहिला मान दस्त्याच्या स्क्रूंचा. पुढच्या भागातले आजूबाजूचे दोन स्क्रू आणि ट्रिगर गार्डचा मागचा स्क्रू या दुहेरी धक्क्याने हळूहळू सुटत जातात, आणि पाव फेरा सैल झालेला स्क्रूही ग्रुप (लक्ष्यावर जवळजवळ बसलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका) मोडायला पुरतो. खाचेत घट्ट बसेल अशाच मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरावा. स्क्रू पूर्ण काढून त्याचे आटे आणि भोकातले आटे तेलमुक्त करावेत, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे सुटू न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावावा आणि स्क्रू टेकल्यानंतर थोडाच आवळावा. लाकडी दस्ता असेल तर जोर लावून आवळण्याने लाकूड चेपते, स्क्रू पुन्हा सैल होतो, पुन्हा आवळला जातो, आणि शेवटी लाकूडच उरत नाही. लाकूड आधीच चेपलेले दिसले तर स्क्रूच्या डोक्याखाली वाटीच्या आकाराचा वॉशर बसवणे हा टिकाऊ उपाय आहे.

त्यानंतर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण. स्प्रिंग रायफलचा पुढे बसणारा झटका साध्या स्कोपच्या आतील भिंगांचे व नेमाच्या रेषांच्या जाळीचे बसण सैल करतो. बंदुकीच्या गोळीचा मोठा धक्का सहन करणारा स्कोपही येथे मोडू शकतो, कारण तो एकाच दिशेच्या धक्क्यासाठी बनवलेला असतो. रायफलच्या खाचांवर स्कोपचे माउंट (त्याला धरणारी पकड) मागे सरकल्याची घासलेली खूण दिसते का ते पाहावे, आणि माउंटला अडवणारी पिन तिच्या भोकात नीट बसली आहे की नाही हेही तपासावे. खात्रीची परीक्षा सोपी आहे : स्कोप पूर्ण काढून उघड्या साइट्सवर (नळीवरच्या नेम धरण्याच्या साध्या खुणांवर) दहा छर्रे मारावेत. ग्रुप आवळला तर दोषी सापडला.

छर्ऱ्यांकडे लोक फार उशिरा वळतात, म्हणून ते आताच सांगतो. तुम्ही अलीकडे डबा बदलला असेल, अगदी त्याच नावाचा दुसरा डबा घेतला असेल, तरी नळीला तो न मानवणे शक्य आहे. साधारण ०.५० ते ०.५५ ग्रॅम वजनाचे, गोल डोक्याचे चार-पाच प्रकार आणून प्रत्येकाचे दहा-दहा छर्रे त्याच दिवशी, त्याच पकडीने मारावेत, आणि मागचा पातळ घेर चेपलेले छर्रे आधीच वेगळे काढावेत. फार हलके छर्रे टाळावेत, कारण छर्रा लवकर निसटला की पिस्टनपुढे पुरेसा दाब उरत नाही आणि तो सिलिंडरच्या टोकावर आपटतो. छर्रा न भरता घोडा दाबणे त्याच कारणाने सर्वांत घातक असते. फार जड छर्ऱ्याने उलट घडते : पिस्टन दबलेल्या हवेवरून जास्त मागे उसळतो, शॉट खडबडीत होतो आणि ऊर्जा वाया जाते.

पकडीबद्दल एवढेच सांगतो की रायफल टेबलावर किंवा कठीण आधारावर टेकवून, घट्ट धरून घेतलेला ग्रुप स्प्रिंग रायफलबद्दल काहीही सांगत नाही. पुढचा भाग उघड्या तळव्यावर, दर वेळी त्याच जागी, ठेवावा. खांद्याचा व गालाचा दाब हलका असावा, आणि रायफलला हवी तशी हलू द्यावे. ती हलणार आहेच. दर वेळी सारखी हलली म्हणजे झाले.

नळी मोडणाऱ्या रायफलमध्ये बिजागरी हा नाजूक भाग असतो. रायफल बंद असताना नळीचे टोक धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. जाणवण्याइतकी हालचाल असेल तर बिजागरीचा बोल्ट सैल आहे किंवा तिच्या दोन्ही बाजूंचे वॉशर झिजले आहेत. बोल्ट कितपत आवळावा, याचे माप असे : कॉक केलेली रायफल सुरक्षित दिशेला धरली असता नळी जेथे सोडावी तेथे थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. ही परीक्षा करताना, आणि खरे म्हणजे दर वेळी छर्रा भरतानाही, एक हात नळीवर पक्का ठेवावा. ट्रिगर निसटला तर स्प्रिंग नळीला जोरात बंद करते, आणि त्या वेळी ब्रीचवर (छर्रा भरण्याच्या नळीच्या मागच्या तोंडावर) असलेले बोट वाचत नाही. नळी अडकवणारी खुंटी आणि तिची स्प्रिंग यांवरचा मळही पुसून काढावा. तेथे साचलेले घट्ट ग्रीस नळीला दर वेळी थोड्या वेगळ्या जागी बसवते.

नळीच्या मागच्या तोंडाशी असलेली ब्रीचची रिंग पाहण्यासाठी टिश्यू पेपरची बारीक पट्टी सांध्यावर आडवी ठेवून लक्ष्याच्या दिशेने एक शॉट मारावा. पट्टी उडाली तर हवा गळते आहे. रिंग चपटी किंवा चिरलेली असल्यास बदलावी. धडधाकट पण खोल बसलेली असेल तर तिच्याखाली पातळ शिम (चकती) घालून ती अगदी किंचित वर आणली तरी चालते. हे काम रायफल उघडल्याशिवाय होते, आणि त्याने वेगातील चढउतार कमी झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

नळीच्या तोंडाची कडा कापसाच्या काडीने आतून बाहेर फिरवून पाहावी. तंतू एकाच जागी अडकत असतील तर तेथे टवका आहे. नळीच्या आत मात्र तारेचा ब्रश घालू नये. दोरीने ओढायचे कापडी तुकडे पुरेसे असतात, आणि सफाईनंतर नळीला पुन्हा स्थिरावायला वीस-तीस छर्रे लागू शकतात, तेवढे मारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

धुराचा आणि बाराचा उगम बहुधा तेलात आहे. पिस्टनपुढची हवा इतकी तापते की तेथे आलेले खनिज तेल पेटते, डिझेल इंजिनात घडते तेच येथे घडते. सूक्ष्म प्रमाणात हे प्रत्येक स्प्रिंग रायफलमध्ये होत असते आणि नव्याने वंगण लावल्यावर पहिले काही शॉट हलका धूर देतात, त्यात काळजीचे काही नाही. मोठा बार होणे ही वेगळी गोष्ट आहे : त्या शॉटचा वेग अचानक चढतो, सीलवर भाजल्याचा डाग पडतो आणि उलट फेकल्या गेलेल्या पिस्टनमुळे स्प्रिंग मोडू शकते. तुमच्याकडून किंवा तुमच्या आधीच्या कोणाकडून ट्रान्सफर पोर्टमध्ये तेल गेले असावे, असा माझा अंदाज आहे. आत तेल घालणे बंद करावे, नळी कोरड्या कापडाने पुसावी आणि मध्यम वजनाचे छर्रे मारत राहावे. पन्नास-साठ शॉटनंतरही बार होत राहिले तर तेल सिलिंडरमध्ये साचलेले आहे, आणि मग उघडण्याला पर्याय नाही.

घुमणारा आवाज हे तुमच्या तीन लक्षणांतले सर्वांत निरुपद्रवी लक्षण आहे. स्प्रिंग आणि तिच्या आतील गाइड (तिला सरळ धरणारा दांडा) यांच्यात, किंवा स्प्रिंग आणि पिस्टनच्या आतल्या भिंतीत, जास्त फट राहिली की सुटल्यावर तारेचे वेढे थरथरतात. हा आवाज कानाला त्रास देतो, शॉट कर्कश वाटतो, पण एकट्या त्याने ग्रुप फारसा उघडत नाही. मात्र आवाज अलीकडेच सुरू झाला असेल तर स्प्रिंग मोडलेली असणे शक्य आहे. टोकाजवळचा वेढा तुटला तरी दोन तुकडे एकमेकांत गुंतून रायफल चालू राहते, फक्त वेग घसरतो व हेलकावे खातो. येथे पुन्हा क्रोनोग्राफचे आकडे उपयोगी पडतात.

जास्त ताकदीच्या स्प्रिंगबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रायफल किती ऊर्जा देऊ शकेल याची वरची मर्यादा सिलिंडरचा व्यास, पिस्टनची धाव आणि ट्रान्सफर पोर्ट हे तिघे मिळून ठरवतात. स्प्रिंग त्या मर्यादेपर्यंतच पोहोचवू शकते. ०.५५ ग्रॅमचा छर्रा २४० मीटर वेगाने जातो तेव्हा सुमारे १५.८ ज्यूल ऊर्जा मिळते, आणि त्या आकाराच्या रायफलमध्ये स्प्रिंग दीडपट कडक केली तरी ऊर्जा दीडपट होत नाही. वाढतो तो पिस्टनचा आघात, कॉक करण्याचा जोर आणि ट्रिगरच्या अडकणीवरचा भार. लांब स्प्रिंगचे वेढे पिस्टन अडकण्याआधीच एकमेकांना टेकले तर रायफल कॉकच होत नाही. शिवाय अनेक देशांत एअर रायफलच्या ऊर्जेला कायद्याची मर्यादा आहे, जर्मनीत परवान्याशिवाय ७.५ ज्यूल, ती ओलांडणारी स्प्रिंग बसवणे हा हौसेचा प्रश्न राहत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या रायफलींत स्प्रिंगचा पूर्वताण (कॉक करण्याआधीच तिच्यावर असलेला दाब) थोडा कमी केल्यावर वेग जवळजवळ तेवढाच राहून शॉट मऊ झाल्याची उदाहरणे, कडक स्प्रिंगने ग्रुप सुधारल्याच्या उदाहरणांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

एवढे करूनही आकडे आतला दोष दाखवत असतील, तर रायफल उघडावी. पण स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरून हळूहळू सोडणाऱ्या साधनाशिवाय) नाही. कॉक न केलेल्या रायफलमध्येही स्प्रिंग कित्येक सेंटीमीटर दाबून बसवलेली असते, आणि मागचा भाग अडवणारी पिन निघाली की ती सारी ऊर्जा तुमच्या छातीच्या दिशेने सुटते. भार कॉम्प्रेसरवर आल्याची खात्री पटल्यावरच पिन काढावी. कोणाची तरी मदत घेऊन हाताने दाबून धरू, हा विचार मनातून काढून टाकावा. कॉम्प्रेसर नसेल तर हे काम करणाऱ्याकडे रायफल सोपवणेच योग्य.

उघडल्यावर पहिले काम जुने ग्रीस पूर्ण पुसून काढण्याचे. स्प्रिंग काचेवर लोटून पाहावी; ती डुलत गेली तर वाकलेली आहे. तिची दोन्ही टोके सपाट घासलेली आणि गुळगुळीत असावीत. नव्या स्प्रिंगपेक्षा ती थोडी आखूड भरली तर तेवढ्यावरून बाद करू नये, वापराने थोडी लांबी जातेच. गाइडवर ती किंचित पिळून चढवावी लागेल इतकी जवळ बसली पाहिजे. सहज घसरत असेल तर लेथवर कठीण प्लॅस्टिकचा मापाचा गाइड करून घ्यावा, कारण तुमच्या घुमणाऱ्या आवाजाचा खरा उपाय तोच आहे, आणि ग्रीसचा जाड थर ही त्यावरची केवळ पांघरलेली चादर ठरते. सिलिंडरमधील कॉकिंगच्या खाचेच्या कडा बोटाने तपासाव्यात आणि धार लागत असेल तर बारीक पॉलिश पेपरने मोडाव्यात, नाहीतर नवे सील आत सरकवतानाच कापले जाते. सील बसवलेला पिस्टन अंगठ्याच्या बेताच्या दाबाने सरकावा, आणि ट्रान्सफर पोर्ट बोटाने बंद केल्यावर हवेवर अडून हळूहळूच खाली यावा. हे जमले तर सील योग्य मापाचे आहे.

वंगण अगदी थोडे लावावे. पिस्टनच्या मागच्या घेरावर, कॉकिंगच्या सरकत्या भागांवर आणि गाइडवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट चोळून पुसावी, इतकी की पृष्ठभाग फक्त करडा दिसावा. स्प्रिंगवर घट्ट, चिकट ग्रीसचा पातळ थर द्यावा. तो जास्त झाला तर पिस्टन मंदावतो आणि थंडीत वेग आणखी उतरतो. सीलच्या पुढे काहीही लावू नये.

ट्रिगरला शक्यतो हात लावू नये. अडकणीचे पृष्ठभाग घासून तो हलका करण्याची युक्ती सांगणारे बरेच भेटतील. तसा ट्रिगर नुसत्या धक्क्याने सुटू शकतो. समायोजनाचा स्क्रू फिरवलाच तर नंतर छर्रा भरून, नळी भक्कम अडोशाकडे रोखून, दस्त्याच्या मागच्या टोकाला रबरी हातोडीने हलके ठोकावे. सुटला तर स्क्रू पूर्वीच्या जागी न्यावा.

तेलाबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. कृत्रिम सीलला एरवी काहीच लागत नाही. कॉक करताना आतून कोरडा कुरकुराट ऐकू आला तर ट्रान्सफर पोर्टमधून सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. हेच सिलिकॉन तेल बिजागरी किंवा स्प्रिंगवर घालू नये, धातूवर धातू घासतो तेथे ते पुरेसे वंगण देत नाही. चामड्याचे सील मात्र ओले राहावे लागते : निर्मात्याने सांगितलेल्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडून रायफल रात्रभर नळी वर करून उभी ठेवावी आणि सकाळी नळी पुसून घ्यावी. बिजागरीला व कॉकिंगच्या दांड्याच्या सांध्यांना थोडे मॉलिब्डेनमचे ग्रीस, आणि बाहेरच्या धातूला हात लागल्यानंतर दर वेळी तेलकट कापड. फवाऱ्याचे पातळ तेल रायफलच्या आसपासही नको, ते झिरपत नेमके सिलिंडरमध्ये पोहोचते. रायफल कॉक करून ठेवू नये, आणि जास्त दिवस ठेवायची असेल तर फोमच्या बंद पेटीऐवजी कोरड्या कपाटात उभी ठेवावी, कारण फोम ओलावा धरून ठेवतो आणि नळीवर गंज चढतो.